काही बदलू नका

साहेबानं माह्या मायचा विळा हातरुमालात धरून वर उचलला.

"नीट बघा सगळ्यांनी," तो म्हणाला. "या गावातली तान्ही मुलं या विळ्याने मरतात."

सतरंजीवर बसलेल्या बायायनं तोंडाले पदर लावले. "वो माय वो!" कोणीतरी म्हटलं. मग साऱ्यायच्या माना फिरल्या. पाटलाच्या अंगणाबाहेर, नालीच्या पल्याड, उन्हात माही माय बसली होती. तिच्याकडे.

"ही बाई," साहेब म्हणाला, "वर्षानुवर्षं याच विळ्याने नाळ कापते आहे."

माय उठून उभी राह्यली. साहेबानं आपलं नाव काढलं म्हणजे उभं राहा लागते, असं तिले वाटलं. तिनं हात जोडले. अंगणात दोघीतिघी हसल्या. पाटलीणबाई हसली नाई. ती बसल्या जागेवरून ओरडली, "माहे दोन नातू ह्या मांगिणीनं खाल्ले! आता समजलं मले. डाकीण हाय डाकीण!"

मायचे हात जोडलेलेच राह्यले. खाली घ्यावं का तसेच ठेवावं, तिले समजेना.

मी तिच्या बाजूले बसली होती. माह्या मांडीवर तवा लेकरू पाहिजे होतं. नव्हतं. त्याच विळ्यानं माह्या पोट्टीची नाळ कापली होती. माही पहिली पोट्टी. ती मातीत गेली होती. अन् ती आमच्याच हातानं गेली, हे आमाले त्या दिवशी समजलं. भर अंगणात, साऱ्या गावासमोर.

साहेब मोठ्या शहरातल्या मोठ्या कॉलेजातून आलता. खेड्यातल्या बायायले बाळंतपण साफसुथरं कसं कराचं ते शिकवाचं, अन् शिकवल्यावर किती लेकरं वाचतात ते मोजाचं, असं त्याचं काम होतं. संगं एक नर्सबाई. तिच्या पिशवीत कापडाची बाहुली. बाहुलीच्या बेंबीले कापडाचीच नाळ शिवली होती. सकाळीच बाई आमच्या घरी येऊन विळा मांगून घेऊन गेली होती. "साहेबांना दाखवायचाय," म्हणाली. मायनं पदरानं पुसून दिला. तिले वाटलं, आज आपल्याले शिकवणार. सुईण तर आपण हाओत नं गावची.

पाटलाचं अंगण मोठं. सतरंजी मोठी. तिच्यावर पाटलीणबाई, वाण्याची बायको, मास्तरीण, देशमुखाच्या सुना. साऱ्यायनं चांगली लुगडी नेसली होती. त्यातल्या एकीनंही जलमात कोणाची नाळ कापली नव्हती. कापाची कशी? विटाळ होते नं. ते काम माह्या मायचं. मागच्या दारातून बोलवाचे, मागच्याच दारातून काढाचे. लेकरू बाहेर आलं, रडलं, का नाळ कापाची, वार पुराची, घाण उचलाची अन् निघाचं. एकदा लेकराले आंघोळ घातली का मग माय त्याले शिवू शकत नव्हती. ज्या हातानं त्याले जगात आणलं तो हात बाटगा.

अन् नाळ कशी कापाची हे शिकवून राह्यले होते कोणाले? पाटलीणबाईले. तिले कात्री हातात दिली. ती लाजली, हसली, बाहुलीची नाळ कापली. बायायनं टाळ्या वाजवल्या. माय नालीच्या पल्याडून मान उंच करू करू पाहे. "बाई, दिसत नाई जी," ती एकदा म्हणाली. पाटलीणबाईच बोलली, "तुले काय कराचं दिसून? बस तिथंच." नर्सबाईनं आमच्याकडे पाह्यलं, मग साहेबाकडे पाह्यलं, अन् पुढचं सांगाले लागली.

त्याच्यानंतर विळा वर उचलला साहेबानं.

पण साहेबानं तो विळा त्या दिवशी पहिल्यांदा नव्हता पाह्यला. तेच तर सांगाले बसली मी.

त्याच्या आधीच्या साली आलता तो. कापूस वेचणी सुरू होती. मी माहेरी आलती, पोटुशी. माहं सासर हिंगणघाटले, नवरा जिनिंगात कामाले. पहिलं बाळंतपण मायच्या घरी कराचं, अन् माही माय तर सुईण, मंग इचारताच काय! जीप मारोतीच्या देवळाजोळ थांबली. साहेब अन् नर्सबाई पायी पायी मांगपुऱ्यात आले. आमच्या मांगपुऱ्यात! तिथं पोलिसाबिगर कोणी वरचा माणूस कधी आला नव्हता. खादीचे कपडे, चष्मा, बोलणं असं मऊ. मायनं बाजेवर धुतलेली वाकळ टाकली. साहेब बसला. पाणी दिलं. बाईनं पिऊन टाकलं. साहेबानं पेला हातात धरून ठेवला अन् जातानी बाजेखाली ठेवून देला, भरलाच्या भरला.

तरी त्यानं मायले 'तुम्ही' म्हटलं. जलमात तिले कोणी 'तुम्ही' नव्हतं म्हटलं. ती हरखून गेली. जे इचारलं ते सारं सांगत गेली.

"नाळ कशाने कापता?"

"विळ्यानं जी."

"तो विळा आणखी कशाला वापरता?"

"गवत कापते. भाजी चिरते. घरातला विळा हाय जी."

"धुता का आधी?"

"पुसते लुगड्याले."

"आणि कापल्यावर नाळेला काय लावता?"

"राख जी. चुलीतली. नाई त शेणाच्या गोवरीची. रक्त थांबते."

साहेबानं विळा पाहाले मांगला. मायनं आणून दिला. त्यानं तो उलटापालटा केला, धारेले बोट लावलं, वास घेतला. वास घेतला हो त्यानं! बाई लिहून घेऊन राह्यली होती, तिचा हात थांबला. तिनं साहेबाकडे पाह्यलं. साहेबानं मान थोडीशी हलवली. नाई म्हणून. मी पाह्यलं ते. तवा त्याचा अर्थ मले लागला नाई.

मग मायनंच इचारलं. कोणी म्हणू नये का आमी अडाणी, आमी इचारलं नाई. मायनं हात जोडून इचारलं, "साहेब, लेकरं जातात जी. चांगली जलमतात, रडतात, दूध पेतात. अन् मग आकडी येते, दातखिळी बसते, अन् जातात. आमचं कुठी चुकत असन त सांगा नं."

साहेबानं मान वळवली. माह्याकडे पाह्यलं. माह्या पोटाकडे.

"ही तुमची मुलगी?"

"हाव जी. पहिलटकरीण हाय."

"बाळंतपण इथेच?"

"इथंच जी. मीच करणार."

"छान," तो म्हणाला. उठला. कपडे झटकले. अन् म्हणाला, "तुम्ही नेहमी करता तसंच करत राहा. काही बदलू नका."

काही बदलू नका.

माह्या मायले ते शब्द सोन्याच्या पुतळीवाणी वाटले. एवढा शिकलेला साहेब, त्यानं सारं इचारलं, विळा हातात घेऊन पारखला, अन् म्हणाला तसंच करा. म्हणजे आपलं बरोबर हाय! ती मांगपुऱ्यात घरोघर सांगत फिरली. "साहेब म्हणाले, तुम्ही करता तेच बरोबर. काही बदलू नका म्हणाले." बापानं त्या दिवशी डफडं काढून वाजवलं. लगन नाई, सण नाई, असंच. माह्या मायले कोणीतरी बरोबर म्हटलं म्हणून.

आता ह्याच्या पुढचं आयका. ह्याच्या पुढचं मी कोणाले लवकर सांगत नाई.

माह्या नवऱ्याची काकी हिंगणघाटच्या दवाखान्यात बाळंत झालती. तिनं मले सांगतलं होतं का तिथली नर्स कात्री पाण्यात उकळते, मग नाळ कापते, अन् वर काहीच लावत नाई. राख नाई, काही नाई. काकीचं पोट्टं चांगलं धडधाकट होतं. माह्या मनात ते बसलं होतं. दिवस भरत आले तसं मी मायले म्हटलं, "माय, विळा पाण्यात उकळून घेशीन का वो? काकी म्हणत होती."

माय हसली. "काकी जास्त शिकली का साहेब जास्त शिकला? साहेबानं काय सांगतलं? काही बदलू नका. आता मी बदलवलं अन् काही झालं त?"

"उकळून काय होते माय, पाणीच त हाय."

"साहेबाचं काम हाय ते. ते मोजून राह्यले. आपण मधातच बदलवलं त त्यायचं काम बिघडन. चांगला माणूस हाय, काऊन बिघडवाचं त्याचं?"

पहिलटकरीण मी, अन् तिनं सारं गाव बाळंत केलेलं. काय बोलू?

तो साहेब आमच्या दारात आलाच नसता, त माह्या मायनं विळा उकळून घेतला असता. मले माईत हाय. ती माहं आयकत होती. पोटुशी पोरीचा जीव ठेवासाठी तिनं काहीही केलं असतं. त्यानं येऊन तिले थांबवलं. हे मी कोर्टातही सांगीन, देवासमोरही सांगीन.

पोट्टी दुपारी जलमली. बाहेर तुरी उभ्या होत्या शेतात. रडली, चांगली मोठ्यानं रडली. माय म्हणे, "पाहा, तुह्यासारखीच भांडकुदळ हाय." नाळ कापली, राख लावली. बाजेखाली शेगडी ठेवली. पोट्टी छातीले लागली अन् असं ओढून राह्यली दूध, का मी हसत होती दुखता दुखता. पाचवीले मायनं पाट्यावर तोच विळा ठेवला, हळदीकुंकू वाहलं. आमच्यात तसंच करतात, ज्या विळ्यानं नाळ कापली तोच पुजतात. पोट्टीले त्याच्यासमोर आडवी ठेवली. मी स्वतः तिचं कपाळ त्या विळ्याले टेकवलं.

पाचवी झाली अन् दोन दिवसात तिनं दूध सोडलं.

सोडलं नाई. तिले पाहिजे होतं. ती भुकेली होती, तोंड इकडेतिकडे फिरवून राह्यली होती. पण जबडा उघडे ना. मी बोटानं उघडाले गेली त दातखिळी. अजून दात कुठं तिले, तरी दातखिळी. कोणी बोललं, भांडं वाजलं, का तिचं सारं अंग ताठ होये, पाठ वाकडी होये, अन् आवाज निघे ना. दूध माह्या छातीतून वाहून राह्यलं होतं, लुगडं भिजलं, बाज भिजली, अन् तिच्या तोंडात एक थेंब जाई ना. मी तिच्या ओठावर पिळलं. बाजूनं वाहून गेलं. माय सटवाईले नवस बोलली, कोंबडं कबूल केलं, बकरं कबूल केलं. "माहा जीव घे वो, तिले सोड," म्हणे. बाप समुद्रपूरले पळाला, तिथल्या कंपाउंडरनं सांगतलं, ह्याले इलाज नाई.

सकाळी ती गेली. बारसं झालं नव्हतं. नावच नव्हतं तिले.

मग बाई आली. नर्सबाई. जीपमधून नाई, एकटीच आली, एस्टीनं. गावात त्या महिन्यात कोण जलमलं, कोण मेलं ते इचाराले. आमच्या दारात उभी राह्यली.

"मुलाचं नाव?"

"मुलगी होती. नाव नाई ठेवलं," मी म्हटलं.

"किती दिवसांची होती?"

मायनं सांगतलं.

"नाळ... नेहमीसारखीच कापली होती?"

"हाव बाई," माय म्हणाली. "साहेबानं सांगतलं तसंच केलं. काही बदललं नाई. बाई, साहेबाले सांगजो, आमी काही बदललं नाई."

तिले वाटत होतं, साहेब रागावतीन. पोट्टी गेली तिची, माही, अन् तिले धाक होता का आपण साहेबाचं काम बिघडवलं असं कोणी म्हणू नये. बाईनं खाली मान घालून लिहिलं. पाठ फिरवली अन् गेली. पाणीही मांगतलं नाई त्या दिवशी.

आता पाटलाच्या अंगणात या परत.

साहेबानं विळा खाली ठेवला, रुमाल झटकला, अन् बाहुली हातात घेतली. "आता लक्षात ठेवा," तो म्हणाला. "कात्री किंवा नवं पातं पाण्यात उकळून घ्यायचं. नाळेला राख नाही, शेण नाही, काही लावायचं नाही. हात साबणाने धुवायचे. बस. एवढंच केलं तर मूल वाचतं."

एवढंच.

मले कानात कोणी तापलेली सळई घातल्यासारखं झालं. एवढंच? एवढं सांगाले किती वेळ लागला रे तुले? चहाचं आधण येत नाई तेवढ्यात सांगून झालं! तेव्हा बाजेवर बसला होता तू. विळा हातात होता. वास घेतला होता त्याचा. माहं पोट दिसत होतं तुले. अन् तुले हे तवाच माईत होतं!

मी उठली. नाली ओलांडली. पायाले माती होती, तशीच सतरंजीवर चढली. बाया अशा भराभर सरकल्या. "अवो, बाटवलं! सतरंजी बाटवली!" पाटील ओसरीवर बसला होता, तो उठून उभा राह्यला. "ए पोरी! उतर खाली!"

मी उतरली नाई. मी साहेबाच्या समोर गेली.

"साहेब, हे तुमाले आमच्या घरी आलते तवा माईत होतं?"

तो माह्याकडे पाहात राह्यला. वळखलं नाई आधी. मग वळखलं. चष्मा काढला.

"बाई, तुम्ही शांत व्हा. नंतर बोलू आपण."

"आत्ता सांगा. माईत होतं का नव्हतं?"

"हो," तो म्हणाला. "माहीत होतं."

नालीपल्याड मायनं हात खाली घेतले.

"मग काऊन सांगतलं नाई?"

"असं पाहा," तो म्हणाला. त्याचा आवाज अजून मऊच होता. "शिकवण्याचा उपयोग होतो का, हे आम्हाला सिद्ध करायचं आहे. त्यासाठी आधी एक वर्ष गावात जसं चालतं तसंच चालू द्यावं लागतं. नाहीतर फरक कळणार कसा? हे सिद्ध झालं की सरकार गावोगाव शिकवेल. हजारो मुलं वाचतील."

"माही?"

त्यानं हातातला चष्मा पुसला.

"ती त्या हजारोत नव्हती का साहेब?"

"मला वाईट वाटतं," तो म्हणाला. "खरंच वाटतं. पण तुमच्या आईला विचारूनच आम्ही सगळी माहिती घेतली. त्यांनी आनंदाने दिली."

"तिले काय माईत हाय ते तुमी इचारून घेतलं. तुमाले काय माईत हाय ते तिले सांगतलं? तिनं हात जोडून इचारलं होतं, आमचं कुठी चुकते. तुमी काय म्हणाले?"

त्यानं पाटलाकडे पाह्यलं.

"म्हणा नं. साऱ्यायसमोर म्हणा, तुमी काय म्हणाले."

नर्सबाई रडाले लागली. तिनं तोंड बाहुलीच्या मागं लपवलं. पाटील पायऱ्या उतरून खाली आला. "साहेब, तुमी हटा, मी पाहातो हिले." साहेब म्हणाला, "राहू द्या पाटील, राहू द्या." पण ते इतकं हळू म्हणाला का पाटलानं आयकलं न आयकल्यासारखं केलं.

मी म्हटलं, "ठीक हाय. पोट्टी गेली. आता तरी माह्या मायले आत बसवा. गावची नाळ ती कापते. ह्या बाया नाई कापत. इचारा ह्यायले."

साहेबानं बायायकडे पाह्यलं. कोणी वर पाही ना. पाटील म्हणाला, "ती मांगीण आत बसन त आमच्या बाया उठतीन. अंगण माहं हाय साहेब. इचार करा."

साहेबानं इचार केला. मी पाहात होती त्याच्या तोंडाकडे. तो खरंच इचार करून राह्यला होता, अन् त्याले काय बरोबर हाय ते समजतही होतं. अन् मग तो म्हणाला, "आजचं होऊन जाऊ द्या. त्यांच्यासाठी पुढच्या फेरीत मी वेगळी व्यवस्था करतो."

पुढच्या फेरीत! अरे, तवापर्यंत गावात किती जणी भरल्या होत्या दिवसाच्या! आग लागो तुह्या फेरीले.

पाटलाच्या गड्यायनं मले हाताले धरून बाहेर काढलं. त्यायनं हात धरला तवा त्यायले विटाळ नाई झाला. माय मातीत बसून होती. मी तिले उठवाले गेली त ती म्हणाली, "माह्या अंगाले हात नको लावू. माह्या हातानं गेली ती. साऱ्यायची लेकरं माह्या हातानं गेली."

त्याच दिवशी दुपारी नर्सबाई आमच्या घरी आली. चोरून आली. पिशवीत पातं, साबण, धुतलेला दोरा, साफ कपडा. मायच्या समोर बसली अन् म्हणाली, "मी शिकवते." मायनं तिच्याकडे पाह्यलंही नाई. भिंतीकडे तोंड करून पडली होती. "मले नको शिकवू बाई," म्हणे. "माहे हात तोडून टाक. ते कोणाच्या लेकराले लागू नये आता." त्या दिवसानंतर माय कधी कोणाच्या बाळंतपणाले गेली नाई. बोलावणं आलं का घराच्या मागं जाऊन बसे. जेवताना स्वतःच्या हाताकडे पाही अन् घास तसाच ठेवून देई. लोकायनं तिले डाकीण म्हणणं सोडलं नाई. ती तशीच, हाताकडे पाहात पाहात गेली. साहेबाच्या हिशोबात ती नाई. तिचं मरण कोणी मोजलं नाई.

बाईजोळ मी शिकली. चुलीवर गंजभर पाणी ठेवलं, पातं उकळलं, हात घासले, दोरा बांधला. जातानी बाईनं माहा हात धरला. "एक ऐक," म्हणाली. "पलीकडच्या गावात यातलं काही बोलू नकोस. ते गाव यंदा तसंच ठेवायचंय. तुलना करायला. कोणी सांगितलं तर साहेब मला नोकरीवरून काढतील."

पलीकडचं गाव. माही मावशी तिथं सुईण. मायची सख्खी बहीण, तसाच विळा, तशीच राख. बाईले माईत होतं ते, तिनंच मावशीच्या घरी जाऊन सारं इचारलं होतं. तिनं मले बंदी घातली का वाट दाखवली, हे मले आजपर्यंत समजलं नाई. तिची नोकरी गेली असती, हे खरं. तिच्याही घरी कोणी खाणारे असतीन, हेही खरं. मले तिची कीव आली. पण त्या गावात पोटुशा बाया होत्या, अन् त्यायच्या पोटातल्याले कोणाची नोकरी माईत नव्हती.

मी दुसऱ्या दिवशी सकाळी निघाली. कापसाच्या पऱ्हाटीतून, ओल्या बांधावरून. अंगात ताकद नव्हती, रडून रडून डोळे सुजले होते. मावशीच्या दारात गेली, अन् पाणीही पेली नाई आधी. म्हटलं, "मावशे, विळा बाजूले ठेव. चूल पेटव." तिले सांगतलं. तिच्या सुनेले सांगतलं. मांगपुऱ्यात सांगतलं, महारपुऱ्यात सांगतलं. कुणब्याच्या बायायले विहिरीजोळ उभी राहून, लांबूनच, ओरडून सांगतलं. काही हसल्या. एकीनं गोटा मारला. एकीनं, दिवस भरलेली होती ती, पदर तोंडात धरून सारं आयकलं अन् परत सांग म्हणाली.

दिवाळीच्या आसपास साहेब तिथं आला. जीप लावली, मावशीच्या दारात आला. मी तिथंच होती, मावशीच्या हाताखाली. आता हातात पातं माह्या असे. साहेब बाजेवर बसला. मावशीले म्हणाला, "काय बाई, नाळ कशाने कापता?"

मावशी बोलाच्या आधी मी बोलली, "उकळलेल्या पात्यानं."

त्यानं वर पाह्यलं. त्याचा चेहरा उतरला. रागानं नाई, थकलेल्या माणसाचा उतरते तसा. "तुम्ही सांगितलंत," तो म्हणाला. "तुम्हाला कळतंय का काय केलंत? एवढी मेहनत वाया गेली. आता या दोन गावांत फरकच दिसणार नाही. मी सरकारला काय दाखवू? तुमच्यामुळे बाकीच्या गावांना शिकवायला उशीर होईल. तिथली मुलं मरतील, त्याचं काय?"

मी सांगते खरं, त्याचं म्हणणं एकदम खोटं नव्हतं. बाकीची गावं होती. तिथंही लेकरं होती. मी तिथं पोहोचणार नव्हती. मले रात्रंदिवस ते खात राह्यलं, आजही खाते. पण समोर मावशीची सून बसली होती, मांडीवर पोट्टं घेऊन. ते दूध पेऊन राह्यलं होतं. दोन्ही हातानं धरून, अधाशासारखं.

"साहेब," मी म्हटलं, "तुमी शिकलेले. तुमाले दुसरी वाट सुचन. नाई सुचली त ते काम नका करू. पण जित्या माणसाले माईत नाई म्हणून त्याले मरू द्याचं, अन् मग त्याले मोजाचं, हे मी असतानी ह्या वस्तीत होणार नाई."

"मग मला इथे काही विचारता येणार नाही का?"

"इचारा. हजारदा इचारा. पण आधी तुमी सांगाचं. तुमाले जे माईत हाय ते सारं, आमाले समजन असं. चुलीसमोर बसून, पाणी पेऊन. मग आमी सांगू, सांगावं वाटलं त. नाई वाटलं त नाई सांगणार, अन् तुमी उठून जाचं."

तो उठला. जीपपर्यंत गेला, परत आला, सुनेच्या मांडीवरच्या पोट्ट्याकडे पाह्यलं अन् निघून गेला.

त्याच्यानंतर लय जण आले. कोणी डोळे तपासाले, कोणी रक्त घ्याले, कोणी जेवता काय ते इचाराले. गोड बोलणारे, 'तुम्ही' म्हणणारे. मी दारात आडवी उभी राहाते. म्हणते, तुमी काय लपवून राह्यले ते पहिले बोला. तोंडात बोलणं अडकलं का समजते मले. तशा माणसाले मी माह्या वस्तीत एकही बाई दाखवत नाई, एकही लेकरू दाखवत नाई. पोलीस आणा, पाटील आणा, सरकार आणा. माही पोट्टी तुमच्या बेरजेत गेली. आता दुसरी कोणाची जाऊ देणार नाई.